मुराळी आणि एकोणचाळीस टक्के

"ॲव्हरेज काय देते?"

हा प्रश्न मला आजवर एकशे चौदा माणसांनी विचारला आहे. मोजलेत मी. जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला येईल ते मोजायची खोड लागते, आणि निवृत्तीनंतर माझ्याकडे आवक फक्त प्रश्नांचीच उरली आहे. सुरुवातीला मी समजावून सांगायचो, "अहो, ॲव्हरेज नसतं, ही विजेवर चालते." समोरचा मान डोलवायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा, टायरला बुटाचं टोक लावून बघायचा आणि परत विचारायचा, "ते बरोबर आहे हो. पण ॲव्हरेज?" आता मी नुसतं "चांगलं आहे" म्हणतो. थकलो.

मला गाडीची हौस नव्हती. माझ्यासारख्या माणसाला जळगावात जायचं तरी कुठे असतं? बँकेत, भाजीला आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला. गाडी घेतली ती कमलअक्कासाठी.

अक्का माझी थोरली बहीण. सहासष्ट वर्षांची. धुळ्याच्या पुढे आठ किलोमीटरवर तिचं सासर. दाजी जाऊन चार वर्षं झाली, मुलगा सुरतेला, ती गावात एकटी. आता आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी यायलाच हवी, आणि तिला सासरहून घेऊन यायला भाऊ जातो. त्या भावाला मुराळी म्हणतात. मी तरुणपणी जायचो. मग नोकरी, मग मुलांच्या परीक्षा, मग गुडघे, असं करत करत माझं जाणं बंद पडलं आणि अक्का आपली एसटीनं येऊ लागली. त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही, आणि तेच वाईट.

गेल्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी ती तीन तास फाट्यावर उभी राहिली. गर्दीचे दिवस. चार एसट्या भरभरून गेल्या. दुपारी एक वाजता तिचा फोन आला, "गाडी थांबनी नही रे भाऊ. मी घर वनू." घरी परत आलेय, बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी आईवडिलांच्या नावाची घागर पुजली, तेव्हा पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा अक्काचा पाट रिकामा होता. मी ताटातली सांजोरी तशीच ठेवली. मी जन्मात कधी तावातावानं बोललेलो नाही, पण त्या दिवशी फोन लावला आणि बोलून गेलो, "अक्का, पुढच्या आखाजीला मी मुराळी येईन. स्वतःच्या गाडीनं!"

फोन ठेवल्यावर माझी बायको नूतन शांतपणे म्हणाली, "आपल्याकडे गाडी कुठंय?"

त्याच सुमारास त्या स्वस्तातल्या विजेच्या छोट्या गाड्या शोरूमला आल्या. मी बघायला निघालो, तर शोरूमच्या आधीच लोकांची मतं आली. आमच्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर निर्मलकुमार शेठ राहतात. कापडाचं दुकान. माणूस प्रेमळ, पण जगातली प्रत्येक माहिती त्यांना त्यांच्या साडूकडून मिळते. "पाटील साहेब, घ्या, बिनधास्त घ्या," शेठ म्हणाले. "माझे साडू म्हणतात की पुढचा जमाना याच गाडीचा." मग आवाज खाली आणून, "फक्त उन्हात ठेवू नका. बॅटरी फुगते म्हणतात." जळगावात, एप्रिलमध्ये, गाडी उन्हात ठेवू नका! शेठना स्वतःलाही तीच गाडी घ्यायची होती. पण आधी दुसऱ्या कोणीतरी घेऊन बघावी, असं त्यांचं धोरण होतं, आणि तो दुसरा कोणीतरी मी निघालो. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, पाण्यातून गेली तर शॉक बसतो का. गल्लीतल्या इस्त्रीवाल्यानं विचारलं, वीज गेल्यावर चालती गाडी जागेवर थांबते का. दाढी करता करता न्हाव्यानं सांगितलं की अशी एक गाडी कुठेतरी आपोआप मागे गेली होती. वस्तरा गळ्यावर असताना मी वाद घालत नाही.

गाडी आली. पांढरी. कंपनीनं सांगितलं, एकदा भरली की दोनशे तीस किलोमीटर जाते. जळगावहून अक्काचं गाव एकशे तीन. जाऊन-येऊन दोनशे सहा. मी कागदावर तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा उत्तर तेच आलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

आता चार्जिंग. पार्किंगमध्ये स्वतःचं कनेक्शन हवं म्हणून वीज कार्यालयात गेलो. खिडकीतले गृहस्थ माझ्यासारखेच, निवृत्तीला आलेले. त्यांनी अर्ज उलटा-सुलटा करून पाहिला. "घरगुती, दुकान, शेतीपंप, पिठाची गिरणी. यात तुमचं कुठे बसतं?"

"गाडी चार्ज करायची आहे."

"गाडी जागेवर राहते की हलते?"

"हलते."

"मग हलणाऱ्या वस्तूला कनेक्शन कसं देणार साहेब?"

"अहो, कनेक्शन भिंतीला द्यायचंय!"

"मग अर्जात भिंत लिहा ना," ते समजुतीनं म्हणाले. मी भिंत लिहिली. बत्तीस वर्षं मी लोकांचे अर्ज असेच परत पाठवले होते, त्यामुळे रागवायचा हक्क मला नव्हता. मग त्यांनी विचारलं, भिंत कोणाची? भिंत सहा फ्लॅटांची. म्हणजे सहा जणांच्या सह्या, म्हणजे मीटिंग.

मीटिंग गच्चीवर झाली आणि दीड तास चालली. शेठच्या पत्नी सूरजबाई त्या भिंतीपाशी खाटांवर मुगाचे पापड वाळत घालतात. त्यांचा सवाल सरळ होता: वायरमधून करंट पापडात उतरला तर? मी म्हटलं, नाही उतरत. त्या म्हणाल्या, लिहून द्या. मी लिहून दिलं. आवक-जावकच्या माणसानं शेवटी पापडांना हमीपत्र दिलं! ठराव झाला की पापडाच्या दिवसांत सूर्य मावळेपर्यंत वायर बाहेर काढायची नाही. मी सही केली आणि खाली येऊन नुसता पडून राहिलो.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे पाचला निघालो. नूतननं दारातून बजावलं, "तिथे गेल्यावर आधी गाडी चार्जिंगला लावा. गप्पा नंतर." शंभर टक्के बॅटरी, एसी बंद, काचा बंद, वेग पन्नासच्या वर नाही. पारोळ्याच्या अलीकडे मला एका ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं. ट्रॉलीतल्या बायांनी माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

अक्काच्या दारात पोचलो तेव्हा अठ्ठेचाळीस टक्के उरले होते. ती तयार होऊन ओट्यावर बसलेली, शेजारी पिशवी. कधीपासून बसली होती कोण जाणे. उठली, गाडीपाशी आली आणि पदरानं गाडीचा आरसा पुसायला लागली. आरसा स्वच्छच होता. "उना का रे तोता," म्हणाली; लहानपणी ती मला तोताच म्हणायची. मला एकदम भरून आलं आणि मी चार्जरची वायर शोधायच्या निमित्तानं डिकीत डोकं घातलं.

मोठा सॉकेट घरात एकच, घरघंटीचा. तिथे गाडी लावली. शेवभाजी आणि कळण्याची भाकर सकाळी आठ वाजता हाणली, आणि अंगणात निंबाखाली खाटेवर आडवा झालो तो साडेदहालाच डोळे उघडले. ताजातवाना होऊन गाडीत डोकावलो. पन्नास टक्के. अडीच तासांत दोन टक्के! आत गेलो. पंखा बंद, घरघंटीचा दिवा बंद.

"अक्का, वीज गेली का?"

"नही रे, मीच मेन बटन पाडी दिनं," अक्का सहज म्हणाली. "गल्लीमा सांगाले गयथू ना, मन्हा मुराळी उना म्हनीसन. घर सोडानं तं बटन पाडानं, तुना दाजीस्नी सांगेल शे."

दाजींनी सांगितलेलं. चार वर्षं ती बाई शेजारी वाटीभर साखर आणायला जातानाही मेन स्विच पाडून जाते, कारण तो माणूस सांगून गेला होता. मी "बरोबर आहे," म्हटलं.

निघावं, तर अंगणात गल्ली जमलेली. बारा वर्षांनी मुराळी आला, तोही गाडी घेऊन, म्हणजे मरीमातेपर्यंत एक चक्कर पाहिजेच. एक चक्कर म्हणता म्हणता सात झाल्या. प्रत्येक वेळी आत सहा माणसं, आणि बसल्या बसल्या, "एसी लाव ना मामा!" नाही म्हणायला तोंड उघडलं की समोर ओट्यावर अक्का दिसायची. हातावर हात ठेवून, चकरा मोजत, अशी काही ताठ बसलेली की माझं तोंड आपोआप मिटायचं. उतरताना गल्लीतले झिपरूनाना म्हणाले, "गाडी मस्त शे. पन एवरेज काय देस?" उरले चव्वेचाळीस टक्के.

साडेअकराला निघालो. मला घोर नव्हता. धुळ्याला हायवेवर एका हॉटेलच्या लॉनवर मोठा चार्जर आहे, तासाभरात गाडी भरते, हे मी महिन्याभरापासून फोनमध्ये बघत होतो. फोनमध्ये तो आताही हिरवा दिसत होता. तिथे पोचलो, तर लॉनवर मांडव. उद्या आखाजीचा मुहूर्त. चार्जर होता, पण त्याला गुलाबी झालर लावली होती, डोक्यावर गुलाबाचा हार, आणि त्याला टेकून मठ्ठ्याचं काउंटर. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "साहेब, उद्या लग्न लागलं की लगेच मोकळा करून देतो. तोवर मठ्ठा घ्या." शहरातला दुसरा चार्जर दुरुस्तीत होता. आम्ही मठ्ठा घेतला. अक्काला जिलबीही मिळाली. ती खूश होती आणि मी पडद्यावरचा आकडा बघत होतो. एकोणचाळीस टक्के. जळगाव पंचाण्णव किलोमीटर.

मी शेठना फोन लावला. हीच माझी दिवसाची खरी चूक. "पारोळ्याला आहे ना!" शेठ म्हणाले. "साडू तिथूनच जातात नेहमी. बाजारपेठेत विचारा, बॅटरीवाला म्हणून." पारोळ्यात बाजारपेठेत बॅटरीवाला सापडला. तो रिक्षाच्या बॅटऱ्या विकत होता. त्यानं माझ्या गाडीचं झाकण उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "यात पाणी कुठून टाकता?" उरले सतरा टक्के. त्यानं सांगितलं, एरंडोलला नक्की आहे. मला आता कुठलंच नक्की नको होतं, पण मागे फिरायलाही टक्के लागतात.

एसी बंद केला, काचा खाली केल्या. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. आत मी, अक्का आणि गरम वारा. अक्का पदरानं वारा घेत होती. एरंडोल सहा किलोमीटर राहिलं आणि पडद्यावर बॅटरी संपल्याच्या इशाऱ्याचं एक छोटं कासव आलं.

"हाई काय शे?" अक्कानं विचारलं.

"कासव."

"चांगलं शे. शकुन शे," ती म्हणाली. आणि गाडी थांबली.

कंपनीला फोन लावला. गोड आवाजाची बाई म्हणाली, गाडी ओढू नका, उचलून नेणारा ट्रक पाठवतो, उद्या सकाळपर्यंत. उद्या! आखाजीला! तेवढ्यात मागून धुळे-जळगाव एसटी आली. मी रस्त्यात जाऊन दोन्ही हात हलवले. दारात माणसं लटकलेली. कंडक्टरनं आतूनच हात हलवला आणि एसटी निघून गेली. अक्का उन्हात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. गेल्या वर्षी ती फाट्यावर एकटी उभी होती, या वर्षी मी एवढा खटाटोप करून तिला पुन्हा रस्त्यावरच उभी केली. मला लाज वाटली. रडायलाही आलं असतं, पण घामच इतका होता की कोणाला कळलं नसतं.

बांधावरून एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला टॉवेल. भटूआबा त्यांचं नाव, बाजूलाच त्यांची लिंबांची बाग. मी कंपनी, टक्के, चार्जर असं सगळं सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि अक्काकडे पाहिलं. "माहेरी चालली का माय?"

"हाव. मन्हा भाऊ लेवाले उना."

मग काही सांगायची गरजच राहिली नाही. आबांनी हाक मारली, शेतातून चार जण आले, गाडी ढकलत विहिरीपाशी नेली. मोटारीच्या खोलीत सॉकेट होता. पण मोटर आणि गाडी दोन्ही चालवली तर फ्यूज जाणार. आबांनी चालू मोटर बंद केली. बागेकडे धावणारं पाणी पाटातच थांबलं. "आबा, तुमच्या लिंबूला..." मी म्हणालो. "लिंबू उद्या पाणी पिईल," आबा म्हणाले. "पाच वाजेपर्यंत लाइट आहे, तोवर बसा." मग गाडीभोवती एक चक्कर मारून, "बाकी ॲव्हरेज काय देते?" हे एकशे बारावे.

आबांच्या दोन्ही लेकी आखाजीला आलेल्या. विहिरीवरच्या चिंचेला त्यांनी झोका बांधला होता. त्यांनी अक्काला हाताला धरून नेलं. मला वाटलं, ती नको म्हणेल. ती बसली! सहासष्ट वर्षांची, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली माझी बहीण झोक्यावर बसली आणि मागे वळून मला म्हणाली, "ढकल ना रे, बघत काय ऱ्हायना?"

मी ढकलला. आधी हळू, मग ती ओरडली म्हणून जोरात. नंतर आम्ही सावलीत बसलो. तीन तास बसलो. मला बघायला घड्याळ होतं, पण बघून उपयोग नव्हता. आई गेली त्या दिवसाचं अक्का बोलली, मला माहीत नसलेलं. दाजींच्या शेवटच्या महिन्याचं बोलली. मी लहानपणी तिच्या पदराला धरून तिच्या लग्नात किती रडलो होतो ते बोलली, आणि आबांच्या लेकी हसल्या. माझ्या लक्षात आलं की गेल्या तीस वर्षांत अक्का आमच्याकडे आली की मी पेपर वाचत असायचो. ती स्वयंपाकघरात नूतनशी बोलायची आणि मी बाहेरून विचारायचो, "चहा झाला का?" असा समोर बसून मी तिच्याशी बोललोच नव्हतो. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

पाचला लाइट गेली. सव्वीस टक्के. आबांनी मागच्या सीटवर पिशवीभर लिंबू टाकले.

जळगावात, आमच्या फाटकात शिरलो तेव्हा साडेसहा वाजले होते, एक टक्का उरला होता आणि सहाही फ्लॅट खाली उभे होते. नूतननं काळजीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सूरजबाई पापड गोळा करता करता थांबल्या. निर्मलकुमार शेठ पुढे झाले. दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्तावर त्यांना त्याच गाडीचं बुकिंग करायचं होतं आणि साडूंचं मत त्या दिवशी दुपारीच फिरलं होतं. माझा चेहरा बघून मला विचारण्यात अर्थ नाही हे त्यांनी ओळखलं आणि थेट अक्काच्या खिडकीपाशी वाकले.

"अक्का, तुम्ही दिवसभर बसलात. खरं सांगा. गाडी कशी आहे? घ्यावी का?"

मी डोळे मिटून घेतले. बटन, मठ्ठा, कासव, एसटी, सगळं आता सहा फ्लॅटांसमोर निघणार.

"भारी शे," अक्का म्हणाली. "थांबस."

"थांबते?" शेठ गोंधळले.

"हाव. येष्टी थांबत नही. हाई थांबस."

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी गाडीतून उतरलो, पलीकडे जाऊन अक्काचं दार उघडलं. माझ्या खांद्यावर हात टेकून ती उतरली, पदर सारखा केला, लिंबांची पिशवी माझ्या हातात दिली आणि फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

"पुढला साले बी हाईच लई ये, भाऊ. फक्त बॅटरी इतली भरू नको."